मुरमी रस्ते : बेळगाव सीमाभाग

मुरमी रस्ते : डांबर वा सिमेंट न वापरता, मातीच्या भरावावर मुरमाचा थर दाबून केलेले, तुरळक रहदारीचे ग्रामीण रस्ते. बेळगाव जिल्ह्याच्या मराठी पट्ट्यात, मुख्यतः खानापूर, बेळगाव व निपाणी भागांत, वाडीची गाडीवाट, शिवारातली पाणंद आणि दोन गावांमधला कच्चा रस्ता या सर्वांवर पडतो तो मुरूमच.

शब्द व पदार्थ : ‘मुरूम’ या शब्दाच्या उगमाविषयी एकमत नाही. हिंदीत मुरम किंवा मोरम, तेलुगूत मोरमु अशी रूपे आढळतात. तो मराठीतून दक्षिणेत गेला असावा, असे मानणारे त्याच्या दख्खनभर पसरलेल्या वापराकडे बोट दाखवतात. तथापि जुन्या तमिळमध्ये खडकाळ उंचवट्यासाठी ‘मुरंबु’ हा शब्द आहे. त्यामुळे द्राविडी मूळ अधिक संभाव्य वाटते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सीमाभागातील कन्नड भाषक याच पदार्थाला ‘गरसु’ म्हणतात. इंग्रजी अमदानीत ‘मुरूम’ हा शब्द पूर्व आफ्रिकेतही पोचला. केनिया व युगांडात अशा रस्त्यांना आजही याच नावाने ओळखतात.

व्युत्पत्तीपेक्षा पदार्थाचा घोळ अधिक महत्त्वाचा आहे. दख्खनच्या बेसाल्ट थरांची दक्षिण सीमा याच जिल्ह्यात येते. निपाणी–चिकोडीकडे काळ्या मातीखाली मिळणारा मुरूम म्हणजे कुजून भुसभुशीत झालेला बेसाल्ट होय. बेळगावच्या पश्चिमेस व खानापूरच्या माळांवर मिळतो तो तांबडा, जांभ्याचा मुरूम. (जांभ्याला भूविज्ञानात जे ‘लॅटेराइट’ हे लॅटिनवरून आलेले नाव मिळाले, ते फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारातील दगडावरून, ‘वीट’ या अर्थाच्या शब्दापासून घडवले.) गुणांनी दोन्ही अगदी निराळे आहेत. जांभ्यात लोहाची ऑक्साइडे भरपूर असतात. उघड्यावर ओले-सुके होत तो आवळत जातो. बेसाल्टच्या मुरमात फुगणाऱ्या चिकणमातीचा अंश असू शकतो. तो प्रमाणात असेल तर खडे धरून ठेवतो, वाढला तर पहिल्याच पावसात रेंदा होतो. अंदाजपत्रकात दोहोंसाठी ‘मुरूम’ एवढेच लिहिलेले असते, आणि अनेक रस्त्यांचे नशीब त्या एका शब्दात ठरते. शिवाय काळ्या मातीवर कोणताही मुरूम थेट टाकला, तर तो चाकांखाली रुतून मातीत मिसळतो. अशा ठिकाणी आधी चुना मिसळून माती स्थिर करणे किंवा वाळूचा थर देणे योग्य ठरते.

इतिहास : इंग्रजी अमदानीत बेळगाव मुंबई इलाख्यात होते. १८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आण्याचा ‘लोकल फंड’ हा स्थानिक उपकर सुरू झाला व १८६९ च्या कायद्याने त्याला पक्का आधार मिळाला. त्यातील सुमारे एक तृतीयांश शिक्षणाकडे व उरलेला भाग प्रामुख्याने रस्त्यांकडे जाई. घाटमार्ग व लष्करी उपयोगाच्या सडका वगळता गावरस्त्यांच्या त्या काळच्या नोंदी त्रोटक आहेत.

देखभाल : मुरमी रस्त्याचा खरा शत्रू पाणी आहे, वाहन दुय्यम. भारतीय मानकांप्रमाणे रस्त्याच्या मधल्या उंचवट्यापासून कडांकडे सुमारे ३.५ ते ४ टक्के उतार हवा. तो सपाट झाला की चाकोरीत पाणी साचते, आणि चढावर तीच चाकोरी ओहोळ बनते. पूर्वी ठरावीक मैलांवर नेमलेला मैलकुली कुदळ-पाटी घेऊन चर मोकळे करी, मोरीतला गाळ काढी, खड्डा बशीएवढा असतानाच भरी. ही पद्धत मोडल्याचे नुकसान नव्या थरांनी भरून निघालेले नाही. खानापुरात मृगापूर्वी श्रमदानाने चर काढणाऱ्या वाड्या आहेत. त्यांच्या वाटा तुलनेने टिकतात. उसाच्या भागात दुरुस्तीची खरी वेळ पावसाळा सरताच, दसरा-दिवाळीच्या आत असते. एकदा गाळप सुरू झाले की भरलेल्या ट्रॉल्या मऊ राहिलेली साइडपट्टी दाबून टाकतात.

अर्थकारण : दिवसाला शंभरेक वाहने जाणाऱ्या रस्त्यावरून वर्षाला साधारण १ ते ३ सेंमी मुरूम धुरळा होऊन व वाहून जातो, असे ढोबळमानाने धरतात. ३.७५ मीटर रुंदीच्या रस्त्यावर २ सेंमी झीज म्हणजे किलोमीटरला ७५ घनमीटर, सुमारे साडेसव्वीस ब्रास. खाण जवळ असेल तर हा खर्च पेलतो. वाहतूक लांबली की पाच-सात वर्षांच्या भरण्यापेक्षा डांबरीकरण स्वस्त पडू शकते. डांबरीकरण परवडू लागण्याची सीमा अनेक अभ्यासक दिवसाला २०० वाहनांच्या आसपास मानतात. अतिवृष्टीच्या खानापूर पश्चिमेस ती याहून खाली असावी.

निधीचा कल मात्र नव्या कामाकडे असतो. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत कंत्राटदारावर पाच वर्षांची देखभाल बांधलेली आहे. कर्नाटकातील ‘नम्म होल नम्म दारी’ (आपले शेत, आपली वाट) या शेतरस्त्यांच्या कामाला रोजगार हमीचा आधार मिळाला. २००५ च्या त्या कायद्याने मजुरी व साहित्य यांचे ६०:४० प्रमाण ठरवले. गरिबाच्या हाताला काम मिळाले हे मोलाचेच, पण मुरूम व रोलर या दोन्हींचा खर्च उरलेल्या ४० मध्येच बसवावा लागे आणि न दाबलेला भराव आषाढात खचे.

सीमेचा परिणाम : १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तर त्यातील चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. एका बाजारपेठेच्या वाटा दोन राज्यांच्या अंदाजपत्रकांत विभागल्या गेल्या. मुरूम हे गौण खनिज असून १९५७ च्या खनिज कायद्यानुसार त्याचे नियम प्रत्येक राज्य स्वतः करते. त्यामुळे समोरच्या टेकडीचा मुरूम आणायचा तरी परवाना व स्वामित्वधन दुसऱ्या राज्याचे लागते.

अभयारण्यातील वाटा : २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात गवळी, पास्तोळी, तळेवाडी, आमगाव यांसारखी गावे येतात. तेथे रस्त्याच्या कामाला वनविभागाची व वन्यजीव कायद्याखालील संमती लागते. २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे. पावसाळ्यात यांतील काही वाटांवरून आजाऱ्याला खांद्यावरून न्यावे लागते.