औषधमंजुरीचे कायदेशीर कवच

सरकारी नियामकाने औषध, लस किंवा वैद्यकीय उपकरण तपासून मंजूर केले असेल, तर त्यापासून इजा झालेल्या रुग्णाला उत्पादकावर भरपाईचा दावा लावता येऊ नये, अशी एक कायदेशीर भूमिका आहे. तिच्यावरचा सर्वांत गाजलेला वाद अमेरिकेत झाला. तिथे औषधांना मंजुरी देते केंद्राचे अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए. इजेबद्दलचे दावे मात्र राज्यांच्या कायद्यांनुसार चालतात, आणि दोहोंत विरोध आला तर केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. कंपन्यांनी नेमके हेच सूत्र धरले. लेबलवरचा शब्द न् शब्द एफडीएने तपासलेला असताना राज्यातल्या ज्युरीने तो इशारा अपुरा ठरवायचा कसा, असा त्यांचा सवाल होता.

व्हरमाँटमधील संगीतकार डायना लेव्हाइन यांच्या खटल्यात त्याचे उत्तर मिळाले. २००० साली मायग्रेन आणि मळमळीसाठी त्यांना वायथ कंपनीचे फेनर्गन हे इंजेक्शन शिरेत थेट टोचण्यात आले. औषध धमनीत शिरले, गँगरीन झाले आणि उजवा हात कोपराखालून कापावा लागला. हेच औषध सलाईनमधून सावकाश देता येते आणि तसे दिल्यास हा धोका खूपच कमी असतो. ज्युरीच्या निकालानंतर त्यांना सुमारे ६७ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ४ मार्च २००९ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी हरली. न्या. स्टीव्हन्स यांच्या निकालपत्रानुसार लेबलच्या मजकुराची जबाबदारी कायम उत्पादकावरच राहते. नवा धोका कळल्यावर एफडीएच्या होकाराची वाट न पाहता इशारा कडक करण्याची मुभा नियमांतच आहे. असा बदल एफडीएने नाकारला असता, याचा स्पष्ट पुरावा कंपनीने दिला तरच तिची सुटका होते. तो पुरावा पुरेसा आहे की नाही हे ज्युरीने नव्हे, न्यायाधीशाने ठरवायचे, असे २०१९ मध्ये फोसामॅक्स या औषधाच्या प्रकरणात स्पष्ट झाले.

कवचाच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा वैद्यकीय उपकरणाबद्दलच्या २००८ च्या रीगल विरुद्ध मेडट्रॉनिक या निकालात येतो. ज्युरीसमोर इजा झालेला एक माणूस असतो. त्याच उपचाराने वाचलेले इतर रुग्ण कोर्टात नसतात. शिवाय खटल्यांच्या धाकाने लेबलवर इशाऱ्यांची गर्दी झाली, तर महत्त्वाचा इशारा त्यात हरवतो. हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. पण मंजुरी मिळते ती त्या दिवशीच्या माहितीवर. काही हजार लोकांवरच्या चाचण्यांत दहा हजारांत एकाला होणारी इजा दिसेलच असे नाही. ती औषध बाजारात आल्यावर दिसते, आणि डॉक्टरांच्या व रुग्णांच्या तक्रारी बहुतेक कंपनीकडेच जमा होतात. मर्कचे व्हायॉक्स हे वेदनाशामक १९९९ मध्ये मंजूर झाले आणि हृदयविकाराच्या धोक्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये मागे घेतले गेले. सुरक्षिततेसाठी लेबल बदलण्याचा आदेश देण्याचा अधिकार एफडीएला मिळाला तो २००७ साली. त्याच वर्षी मर्कने व्हायॉक्सचे हजारो दावे ४८५ कोटी डॉलरना मिटवायचे कबूल केले. कंपनीच्या दप्तरातले कागद मागवून घेण्याची ताकद खटल्यामुळे रुग्णाच्या हाती येते. ती काढून घेतली, तर नियामकालाही पुष्कळ गोष्टी कळणार नाहीत.

उपकरणांचे गणित वेगळे आहे. १९७६ च्या कायद्यातच राज्यांना वेगळ्या अटी घालण्याची मनाई आहे, त्यामुळे पूर्ण तपासणीतून आलेल्या उपकरणांना रीगल निकालाने कवच मिळाले. 'आधीच्या उपकरणासारखेच' म्हणून सोप्या वाटेने आलेल्यांना ते सहसा मिळत नाही.

सर्वांत खटकणारी विसंगती जेनेरिक औषधांत आहे. जेनेरिक कंपनीने मूळ ब्रँडचे लेबल जसेच्या तसे छापायचे असते, त्यात स्वतःहून बदल करता येत नाही. म्हणून इशारा अपुरा होता या कारणासाठी तिच्यावर दावा चालत नाही, असे २०११ मध्ये प्लिव्हा विरुद्ध मेन्सिंग खटल्यात ठरले. २०१३ मध्ये कॅरेन बार्टलेट यांची सुमारे २ कोटी १० लाख डॉलरची भरपाईही रद्द झाली. सुलिंडॅक या गोळीने त्यांची साठ टक्क्यांहून अधिक त्वचा गेली होती. म्हणजे तीच गोळी ब्रँडच्या नावाने घेतली तर कोर्टाचे दार उघडे, स्वस्तातली घेतली तर बंद. फार्मसीत बहुतेक वेळा जेनेरिकच हाती पडते, त्यामुळे हा अन्याय नाममात्र नाही.

लसींसाठी १९८६ च्या कायद्याने कवच दिले, पण त्याबरोबर भरपाई निधीही उभारला. प्रत्येक मात्रेवरच्या छोट्या करातून तो भरतो आणि कंपनीची चूक सिद्ध न करताही पैसे मिळू शकतात. याउलट मिशिगन राज्याने १९९५ मध्ये एफडीए-मंजूर औषधांच्या कंपन्यांना जवळजवळ पूर्ण संरक्षण दिले, तेही पर्यायी भरपाईची सोय न करता. तो कायदा २०२३ मध्ये रद्द झाला. कवचाचा विचार करायचाच असेल, तर तो लसींच्या धर्तीवरच करता येईल.

भारतात असे सर्वसाधारण कवच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. पुरेसा इशारा न देणे हे त्यात दायित्वाचे कारण मानले आहे. कोव्हिडच्या काळात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे प्रमुख अदर पूनावाला यांनी लस उत्पादकांना खटल्यांपासून संरक्षण द्यावे अशी जाहीर मागणी केली होती. लसीमुळे इजा झालेल्यांनी दिवाणी कोर्टात जावे, अशी भूमिका केंद्राने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मांडली.

मात्र कवच नसले म्हणजे भरपाई सहज मिळते असे नाही. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीचे एएसआर हे धातूचे कृत्रिम खुबे २०१० मध्ये जगभर परत मागवले गेले. ते अमेरिकेत सोप्या वाटेने आले असल्याने रुग्णांना दावे लावता आले आणि २०१३ मध्ये सुमारे अडीचशे कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. भारतात केंद्राने २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१८ च्या अखेरीस भरपाईचे सूत्र ठरवले. तोवर खुबे परत मागवून आठ वर्षे उलटली होती.