जर्दाळू: लेबलवर नाव कोणतेही असो, फळ एकच

आमच्या दुकानात ऑस्ट्रियाच्या जॅमवर ‘मारिले’, तुर्कस्तानच्या खोक्यावर ‘कायसी’ आणि इंग्रजी लेबलवर ‘ॲप्रिकॉट’ असे छापलेले असते. यातला जर्दाळू कोणता, असे ग्राहक हमखास विचारतात. तिन्ही जर्दाळूच आहेत.

हे झाड मूळचे चीन आणि मध्य आशियाकडचे. रोमन लोकांना ते आर्मेनियाच्या वाटेने मिळाले, म्हणून ते त्याला ‘आर्मेनियाचे फळ’ म्हणू लागले. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये तेच नाव शास्त्रात पक्के केले: प्रुनस आर्मेनियाका. ऑस्ट्रियातले ‘मारिले’ही इटालियनमार्गे आर्मेनियावरूनच आले.

‘ॲप्रिकॉट’चा प्रवास मात्र फार लांबचा, आणि आम्हाला तोच सर्वात आवडतो. हे फळ पीचच्या आधी पिकते, म्हणून लॅटिनमध्ये त्याला ‘प्रायकोकम’, म्हणजे लवकर पिकणारे, असेही म्हणत. हा शब्द ग्रीकांनी घेतला, त्यांच्याकडून तो अरबांकडे गेला आणि ‘अल्-बर्कूक’ झाला. अरबांबरोबर तो स्पेनमध्ये पोहोचला. तिथे ‘अल्बारिकोके’, पुढे फ्रेंचमध्ये ‘आब्रिको’, जर्मनमध्ये ‘आप्रिकोझे’. म्हणजे लॅटिन शब्द भूमध्य समुद्राला वळसा घालून, अरबी ‘अल्’ चिकटवून पुन्हा युरोपात आला! खुद्द अरबीत आता बहुतेक ठिकाणी ‘बर्कूक’ म्हणजे आलुबुखार. जर्दाळूला ‘मिश्मिश’ म्हणतात. पोर्तुगीजांनी तर दमास्कस शहरावरून ‘दमास्को’ हे वेगळेच नाव धरले.

आपला ‘जर्दाळू’ फारसी. ‘जर्द’ म्हणजे पिवळा, ‘आलू’ म्हणजे आलुबुखारासारखे फळ. आलुबुखार म्हणजे मध्य आशियातल्या बुखारा शहराचा आलू. दोघांत शब्द एकच.

आता खरेदीबद्दल. चमकदार केशरी जर्दाळूवर रंग टिकावा म्हणून गंधकाची प्रक्रिया केलेली असते, तशी नोंद पाकिटावर असते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी तपकिरी, प्रक्रिया न केलेला माल मागावा. दिसायला काळपट असला तरी आमच्या मते चवीला तोच सरस.

लडाखच्या ‘रक्त्से कार्पो’ जातीला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची बी पांढरी आणि बीच्या आतला गर गोड असतो. अख्ख्या जर्दाळूची बी अडकित्त्याने फोडून आतला गर खाणाऱ्यांनी आधी कणभर चाखावा. कडू लागला तर टाकून द्यावा, कारण कडू गरातून पोटात सायनाइड तयार होते. मुलांच्या हाती तो अजिबात देऊ नये.