तिसऱ्या मालकाचं बिल

बीएमडब्ल्यूच्या एम3 या वेगवान मोटारीच्या जुन्या गाड्यांमध्ये आरपीएमच्या काट्याभोवती नारिंगी दिव्यांची कड असते. इंजिन थंड असताना साधारण चार हजारांच्या पुढचे दिवे पेटलेले दिसतात. तेल तापत जातं तसे ते एकेक करून विझतात आणि मग आठ हजारांपर्यंतचा रस्ता मोकळा होतो. गाडी अडवत मात्र काही नाही. दिवे पेटलेले असतानाही पेडल दाबलं की इंजिन किंचाळतंच, आणि अनेक मालक ते दाबतातही.

तेलाच्या तापमानाची एवढी काळजी का, याचं उत्तर 1883 सालच्या इंग्लंडमध्ये सापडतं. बीचम टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांना तेल कसं द्यावं यावर प्रयोग करत होता. फिरता आस, त्याचा खालचा भाग तेलात बुडालेला, वरून भार देणारं पितळी बेअरिंग. बेअरिंगला वरून तेल सोडावं म्हणून त्याने माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून उसळून बाहेर आलं. त्याने बूच ठोकलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही सरकून बाहेर आली. शेवटी तिथे दाबमापक बसवला, तर काटा दर चौरस इंचाला 200 पौंडांच्या खुणेपलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता त्याच्या निम्मा. आस स्वतःच फिरता फिरता तेल ओढून घेत होता, अरुंद फटीत दाबत होता आणि त्या दाबावर सगळा भार तरंगत होता. 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. पावसात भरधाव गाडीचं टायर रस्त्यावरच्या पाण्यावर तरंगतं ते याच नियमाने. रस्त्यावर तो आपला शत्रू, इंजिनात मात्र सगळी भिस्त त्याच्यावर.

आता हेच एम3 च्या क्रँकवर, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्यावर, लावून बघा. 2007 ते 2013 च्या एम3 मधलं एस65 हे चार लिटरचं व्ही8 इंजिन मिनिटाला 8,400 फेऱ्यांपर्यंत जातं, म्हणजे सेकंदाला 140. पिस्टन सुमारे 75 मिलिमीटरची चाल सेकंदाला 280 वेळा कापतो आणि प्रत्येक टोकाला थांबून उलटा फिरतो. हिशेब केला तर वरच्या टोकाला त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजारपटींहून जास्त येतं. पिस्टन आणि त्याच्यासोबत वर-खाली होणारे भाग मिळून अर्धा किलो धरले, तरी दीड टनाहून जास्त ओढ. ती पेलायला पिस्टन क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकात बेअरिंगचे दोन पातळ अर्धवर्तुळाकार तुकडे, म्हणजे शेल, असतात आणि त्यांच्या नि क्रँकच्या मध्ये तेलाचा पापुद्रा, सर्वांत अरुंद जागी जेमतेम मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो.

या इंजिनाला कंपनीने 10 डब्ल्यू-60 तेल ठरवून दिलं. पहिला आकडा थंडीतला. तो उणे 25 अंशांच्या चाचणीवरून ठरतो, त्यामुळे आपल्याकडच्या गारठ्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. दुसरा आकडा 100 अंशांवरचा दाटपणा सांगतो, आणि 60 ही रस्त्यावरच्या मोटारीसाठी फार दाट जात. तापल्यावरही पापुद्रा टिकावा हा हेतू. पण हेच तेल 40 अंशांना सुमारे सातपट दाट असतं आणि सकाळी पहिल्यांदा चावी फिरवताना त्याहूनही. घट्ट फटीत ते पुरेशा वेगाने पोचत नाही. एस65 चे बेअरिंग लवकर झिजतात हे गॅरेजवाल्यांना पक्कं ठाऊक आहे. फट मुळातच कमी ठेवली गेली, की तेल फार दाट, की मालक थंड इंजिन पिळतात, यावर वाद वर्षानुवर्षं चालू आहे. मला हे तिन्ही एकाच दुखण्याचे भाग वाटतात. आधीच्या एम3 मध्येही हे घडलं होतं. तेव्हा कंपनीने 2001 ते 2003 च्या गाड्यांचे बेअरिंग स्वखर्चाने बदलून दिले.

तेल जुनं होतं म्हणजे काय होतं? काळं पडतं, हे त्याचं उत्तर नाही. काजळी पकडून ठेवणं हे तेलातल्या रसायनांचं कामच आहे, त्यामुळे बोटावर घेऊन रंग बघणाऱ्या मिस्त्रीला त्यातून फार काही कळत नाही. खरी झीज दिसत नाही. 10 ते 60 एवढा मोठा पल्ला गाठायला तेलात लांब साखळ्यांचे पॉलिमर घातलेले असतात. बेअरिंग आणि पंपाच्या कात्रीत त्या साखळ्या तुटतात आणि तेल पातळ होतं. धातूवर संरक्षक थर बसवणारी जस्त-फॉस्फरसची संयुगं आणि आम्ल मारणारे क्षार संपत जातात. तापमान दहा अंशांनी वाढलं की तेल कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. आणि रोज पाच किलोमीटर चालणारी गाडी वेगळीच वाट लावते: तेल पुरतं तापतच नाही, त्यामुळे त्यात उतरलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही. रविवारीच बाहेर निघणाऱ्या गाडीचं तेल किलोमीटरवर मोजू नये ते यासाठी.

इथे हिशेबाचा मुद्दा येतो. अमेरिकेत या गाडीला सुमारे 15 हजार मैलांनी तेल बदलायला सांगितलं जायचं. त्याच काळात तिथे पहिली चार वर्षं किंवा 50 हजार मैल देखभालीचा खर्च कंपनीच उचलत होती. तेल कितीदा बदलायचं हे ठरवताना फक्त रसायनशास्त्र पाहिलं गेलं असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पहिला मालक तोवर गाडी विकून मोकळा होतो. झीज आकड्यात उतरते ती दुसऱ्या-तिसऱ्याच्या नशिबी. बेअरिंग शेल हा भाग तसा स्वस्त, पण इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवायला पुढची सबफ्रेम, म्हणजे त्याखालची चौकट, सोडवावी लागते, म्हणून अमेरिकेत हे काम साधारण दोन-तीन हजार डॉलरांना पडतं. शेल फिरून क्रँक खरवडला गेला तर खर्च त्याच्या कितीतरी पट. त्यापुढे पाच-सात हजार मैलांनी नऊ लिटर तेल ओतणं किरकोळ आहे, आणि जाणते मालक तेच करतात.

काहीजण जुनं तेल प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे त्यातल्या धातूंचं प्रमाण दशलक्ष भागांत मोजतात. सुरुवातीच्या एस65 मध्ये शेल शिसं-तांब्याचे होते, त्यामुळे शिशाचा आकडा चढला की झीज कळायची. पुढे शिसं काढून कथिल-ॲल्युमिनियमचे शेल आले. ॲल्युमिनियम पिस्टनमधूनही येतं, म्हणून या गाड्यांच्या अहवालात तो आकडा चढला तरी दोष कुणाचा ते सांगता येत नाही. अशी गाडी विकत घेणाऱ्याने अहवालापेक्षा तेल बदलल्याच्या पावत्या मागाव्यात, आणि त्यांवरचे किलोमीटर बघण्याआधी तारखा बघाव्यात.