सेव्हचा आकडा आणि बुलपेनवरची नजर

22 ऑगस्ट 2007 रोजी बाल्टिमोरमध्ये बेसबॉलच्या सामन्यात टेक्सास रेंजर्सनी यजमान ओरिओल्सना 30-3 असं हरवलं. त्या दिवशी वेस लिटलटन नावाचा रिलीफ पिचर, म्हणजे मधूनच येऊन चेंडू टाकणारा राखीव खेळाडू, सातव्या इनिंगमध्ये आला, तेव्हा स्कोअर 14-3 होता. शेवटच्या तीन इनिंग त्याने टाकल्या, एकही धाव दिली नाही, आणि बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यात, त्याच्या नावासमोर ‘सेव्ह’ लागला. 27 धावांनी जिंकलेला सामना त्याने ‘वाचवला’, असं अधिकृत दप्तरात नोंदलं गेलं. नियमात ते चोख बसतं: संघ जिंकला, शेवटचा चेंडू त्याने टाकला, विजयाचं श्रेय दुसऱ्या पिचरला गेलं आणि त्याने तीन पूर्ण इनिंग टाकल्या. आघाडी किती होती, हे या कलमात कोणी विचारतच नाही.

खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बनवून त्यांच्या कामगिरीवर गुण मोजायचे, अशी फँटसी बेसबॉल खेळणाऱ्या लाखो लोकांचा रोजचा जीव ज्या आकड्यात अडकलेला असतो, तो हा आकडा. आज कोणता रिलीव्हर उपलब्ध आहे, काल त्याने किती चेंडू टाकले, सलग किती दिवस तो मैदानावर आलाय, याच्या नोंदी ठेवण्याचा एवढा मोठा खटाटोप का चालतो हे समजून घ्यायचं, तर आधी सेव्हचं मूळ पाहायला हवं.

क्रिकेट पाहणाऱ्याला रिलीफ पिचर पटकन कळतो. सामना सुरू करणारा पिचर दमला किंवा मार खाऊ लागला की मॅनेजर त्याला काढतो आणि बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर तयारीत बसतात त्या जागेतून, ताज्या दमाचा माणूस आणतो. शेवटच्या, म्हणजे नवव्या इनिंगसाठी राखून ठेवलेला खास माणूस म्हणजे क्लोजर, आपल्या डेथ ओव्हर्सच्या बोलरसारखा. दोन फरक मात्र मोठे आहेत. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. आणि हंगामात 162 सामने असतात, जवळजवळ रोज एक. त्यामुळे आज कोणाला वापरायचं हा प्रश्न उद्या कोण उरेल या प्रश्नापासून वेगळा काढताच येत नाही.

1950 च्या दशकात या राखीव पिचरांच्या कामाला नीट माप नव्हतं. जय-पराजय आणि सरासरी (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा), बस्स. जेरोम होल्ट्झमन हा शिकागोचा वार्ताहर तेव्हा कब्ज संघाचं वार्तांकन करत होता. डॉन एल्स्टन आणि बिल हेन्री हे कब्जचे दोन रिलीव्हर सामन्यामागून सामने सांभाळून देत होते, पण त्यांचं कौतुक कुठेच उमटत नव्हतं. उलट 1959 मध्ये पिट्सबर्गच्या रॉय फेसचा 18 विजय, 1 पराजय असा रेकॉर्ड सगळ्यांच्या तोंडी होता. होल्ट्झमनचं म्हणणं असं की यातले काही विजय फेसला मिळाले, ते त्याने आधी आघाडी घालवली आणि मग त्याच्या फलंदाजांनी ती परत मिळवून दिली म्हणून. म्हणजे ज्याने आघाडी राखली त्याच्या हाती काही नाही, आणि ज्याने घालवली त्याच्या खात्यात विजय! या अन्यायावर त्याने काढलेला तोडगा म्हणजे सेव्ह. ‘द स्पोर्टिंग न्यूज’ या साप्ताहिकाने 1960 पासून तो छापायला सुरुवात केली आणि 1969 मध्ये तो मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचा, अधिकृत आकडा झाला. पहिला अधिकृत सेव्ह त्याच वर्षी 7 एप्रिलला डॉजर्सच्या बिल सिंगरच्या नावावर लागला.

सुरुवातीची व्याख्या फार सैल होती. काही वर्षांनी ती आवळली, 1975 मध्ये थोडी सैल केली, आणि तेव्हाची रचना आजही तशीच आहे. जास्तीत जास्त तीन धावांची आघाडी असताना येऊन किमान एक इनिंग टाकणं. किंवा बरोबरी करू शकणारा प्रतिस्पर्धी बेसवर, फलंदाजीला किंवा त्याच्या मागोमाग रांगेत उभा असताना येणं. किंवा लिटलटनने केलं तसं तीन इनिंग टाकणं. यातली पहिली अट लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास तिच्या भोवतीच फिरतो.

कारण त्या काळातला रिलीव्हर आजच्या क्लोजरसारखा मुळीच नव्हता. माइक मार्शलने 1974 मध्ये डॉजर्ससाठी 106 सामन्यांत 208 हून अधिक इनिंग टाकल्या, त्याही सगळ्या राखीव म्हणून येऊन, आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवणारा तो पहिला रिलीव्हर ठरला. पुढच्या वर्षी गूज गॉसेजने व्हाइट सॉक्ससाठी 141 हून अधिक इनिंग टाकल्या. सामना सातव्या इनिंगमध्ये अडकला तर सातव्यात, आठव्यात अडकला तर आठव्यात, आग लागेल तिथे हे लोक धावायचे. त्यांच्या वापराचा तक्ता कोणी ठेवला असता, तर त्यातून उद्याचा अंदाज बांधणं अवघडच गेलं असतं.

फँटसीचा जन्म याच सुमाराचा. 1979-80 च्या हिवाळ्यात डॅनियल ओक्रंट या लेखक-संपादकाने खेळाचे नियम लिहिले. मॅनहॅटनमधल्या ‘ला रोटिसरी फ्रांसेज’ या रेस्टॉरंटमध्ये मित्रांची मंडळी जमायची, त्यावरून त्याचं नाव पडलं रोटिसरी लीग. प्रत्येकाने ठराविक रकमेच्या मर्यादेत लिलावात खेळाडू घ्यायचे आणि हंगामभर त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मोजायचे. पिचिंगसाठी चार रकाने: विजय, सेव्ह, सरासरी, आणि एका इनिंगमागे किती वॉक (खराब चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला बेस) आणि हिट दिले त्याचं प्रमाण. हा चौथा रकाना ओक्रंटचाच शोध, आज तो सगळीकडे ‘व्हिप’ म्हणून ओळखला जातो. मंडळी बहुतेक पत्रकार आणि प्रकाशन व्यवसायातली, त्यामुळे बातमी पसरायला वेळ लागला नाही.

माझ्या मते इथे एक फार मोठी गोष्ट घडली, आणि तिच्याकडे अजूनही पुरेसं लक्ष जात नाही. पिचिंगच्या गुणांचा चौथा हिस्सा एका अशा आकड्याला दिला गेला, जो संघातल्या एखाद-दुसऱ्या माणसालाच मिळतो आणि तोही मॅनेजरने ठरवलं तरच. होमरनसाठी, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर मारायला, फलंदाजाची ताकद लागते. सेव्हसाठी ताकद लागतेच, पण त्याहून जास्त लागते ती मॅनेजरची मर्जी. मध्यम दर्जाचा क्लोजर फँटसीत सोन्याच्या भावाने जातो आणि त्याच संघातला त्याहून सरस रिलीव्हर आठवी इनिंग टाकतो म्हणून कोणी विचारत नाही. म्हणजे सेव्ह हवे असतील तर खेळाडूच्या जोडीने मॅनेजरचंही डोकं वाचायला शिकावं लागतं.

काही वर्षं ते सोपं होतं. ओकलंडचा मॅनेजर टोनी ला रूसा याने डेनिस एकर्सलीला जवळजवळ फक्त नवव्या इनिंगसाठी राखायला सुरुवात केली. 1988 मध्ये एकर्सलीने 45 सेव्ह केले; 1992 मध्ये 51 सेव्ह करून त्याने साय यंग आणि सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार दोन्ही पटकावले. 1990 मध्ये शिकागोच्या बॉबी थिगपेनने 57 पर्यंत मजल मारली, 2008 मध्ये फ्रान्सिस्को रॉड्रिगेझने 62. होल्ट्झमनने झालेल्या कामाची नोंद व्हावी म्हणून आकडा बनवला होता; तीस वर्षांत कामाचीच वाटणी त्या आकड्याप्रमाणे होऊ लागली. नववी इनिंग, तीन किंवा कमी धावांची आघाडी, आणि मैदानावर क्लोजर. मारियानो रिवेराचे 652 सेव्ह याच साच्यातले. तो क्लोजर असेपर्यंत न्यूयॉर्क यांकीजच्या बुलपेनमध्ये सेव्ह कोणाला मिळणार, हा प्रश्नच नव्हता.

साच्याची किंमत 4 ऑक्टोबर 2016 च्या रात्री टोरंटोत दिसली. हरला तो घरी, असा सामना. बाल्टिमोरचा झॅक ब्रिटन त्या हंगामात 47 पैकी 47 सेव्ह यशस्वी केलेला, नऊ इनिंगमागे सरासरी 0.54 धावा देणारा क्लोजर. सामना बरोबरीत लांबत गेला. पाहुण्या संघाने आघाडी घेतली असती तरच सेव्हची वेळ आली असती, म्हणून मॅनेजर बक शोवॉल्टर थांबून राहिला. अकराव्या इनिंगमध्ये ऊबाल्डो हिमेनेझच्या चेंडूवर एडविन एन्कार्नासियोनने तीन धावांचा होमरन मारला आणि बाल्टिमोरचा हंगाम संपला. ब्रिटनने एकही चेंडू टाकला नव्हता. त्याच महिन्यात क्लीव्हलँड मात्र आपला सर्वोत्तम रिलीव्हर अँड्र्यू मिलर याला पाचव्या, सहाव्या, सातव्या, लागेल त्या इनिंगमध्ये आणत वर्ल्ड सीरिज या अंतिम लढतीपर्यंत पोचला. चाळीस वर्षांपूर्वीची आग विझवणारी पद्धत परत आली, फक्त कमी इनिंगांसाठी.

तेव्हापासून साचा ढिला होत गेला. 19 मे 2018 रोजी टँपा बेने सर्जिओ रोमो या जुन्याजाणत्या रिलीव्हरला थेट पहिल्या इनिंगमध्ये उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. 2020 पासून प्रत्येक पिचरने किमान तीन फलंदाजांना तोंड द्यावं किंवा इनिंग संपवावी, असा नियम आला. 2022 पासून संघात पिचर जास्तीत जास्त 13, आणि एकाच खेळाडूला हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा खालच्या लीगमध्ये पाठवता येत नाही. म्हणजे दमलेल्या रिलीव्हरच्या जागी ताजा माणूस मागवण्याची मोकळीक आटली. जे आहेत त्यांच्याच खांद्यांवर भागवायचं, आणि म्हणून काल कोणी किती टाकले याला आज पूर्वीपेक्षा जास्त वजन आलंय.

ही नोंद ठेवण्याची साधनंही टप्प्याटप्प्यानेच आली. रोटिसरीवाले साप्ताहिकातले आकडे हाताने मांडायचे. 1984 मध्ये बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्सच्या पुढाकाराने प्रोजेक्ट स्कोअरशीट सुरू झाला, सामन्यातली प्रत्येक घडामोड स्वयंसेवकांनी टिपून ठेवायची म्हणून. 1986 मध्ये जॉन ड्युवन आणि माइक ओडॉनेल यांनी ‘होल्ड’ काढला, आघाडी राखून पुढच्याच्या हाती देणाऱ्या सातव्या-आठव्या इनिंगच्या माणसासाठी. अधिकृत नियमपुस्तकात त्याला जागा नाही, पण कित्येक फँटसी लीगनी सेव्ह आणि होल्ड एकत्र मोजायला घेतले आणि एल्स्टन-हेन्रीसारख्यांना खरा न्याय तिथे मिळाला असं मला मनापासून वाटतं. मेजर लीगने खेळाडूंची नावं आणि आकडे आपल्या मालकीचे असल्याचा दावा केला होता. 2007 मध्ये अमेरिकेच्या आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि फँटसी कंपन्यांना परवान्याशिवाय ते वापरता आले.

आपल्याकडे फँटसी म्हटलं की 2008 मध्ये मुंबईत सुरू झालेलं ड्रीम11 आणि ऑगस्ट 2025 मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर आलेली बंदी आठवते. मी खेळतो ती लीग बिनपैशाची, न्यू जर्सीतल्या मामेभावाने चालवलेली. पुण्यात बसून हे जमतं ते घड्याळामुळे. पूर्व किनाऱ्यावरचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतात, लॉस एंजेलिसचे सकाळी साडेसात-पावणेआठला. चहा होईपर्यंत निम्म्या संघांचे बॉक्स स्कोअर आलेले असतात.

माझ्या तक्त्यात प्रत्येक संघाचे पाच-सहा रिलीव्हर उभे आणि मागचे पाच दिवस आडवे. चौकटीत दोनच गोष्टी: किती चेंडू, आणि आला तेव्हा स्कोअर काय होता. दुसरी नोंद बहुतेक जण ठेवत नाहीत, पण खरी माहिती तिच्यातच असते. समजा एका ओळीत परवा 14, काल 22 असं आहे. सलग तिसऱ्या दिवशी क्लोजरला आणायला हल्ली फारसे मॅनेजर धजत नाहीत, आणि काल 22 म्हणजे ओढाताण झालेली. त्याच्या खालच्या ओळीत दुसरा रिलीव्हर: गेले दोन दिवस विश्रांती, त्याआधी आठव्या इनिंगमध्ये एका धावेच्या आघाडीवर, प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत तगड्या तीन फलंदाजांसमोर, 11 चेंडू. मॅनेजरचा विश्वास कोणावर आहे ते त्या चौकटीत लिहिलेलं असतं. आज आघाडी एक ते तीन धावांची असेल तर नववी इनिंग याची. बहुतेक लीगमध्ये तो अजून कोणी घेतलेलाही नसतो, कारण त्याच्या सेव्हच्या रकान्यात शून्य आहे.