डाल्मेशियनचा मूतखडा आणि एका पॉइंटरवरून झालेला वाद

ब्रीडिंगआधीची आरोग्य तपासणी म्हटलं की बोलणं खुब्याच्या एक्स-रेवरून सुरू होतं. खुब्याचा सांधा नीट न बसण्याच्या दोषाची कुत्र्यांमधली नोंद 1935 ची, अमेरिकेत एक्स-रेला ग्रेड देणं 1966 पासूनचं. तिथे चांगल्या खुब्याची कुत्री निवडायला वाव होता. डाल्मेशियन या ठिपकेदार जातीला, तिच्या मूतखड्याच्या बाबतीत, तो नव्हता.

या जातीच्या लघवीत यूरिक अ‍ॅसिड फार असतं, हे 1916 मध्येच लक्षात आलं होतं. खडे होतात ते त्यामुळेच. आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच हा दोष दिसतो, हेही 1938 पर्यंत कळलं. पण नोंदणीकृत डाल्मेशियनमध्ये निर्दोष जनुक उरलंच नव्हतं. हजार कुत्री तपासा, हजारही सारखीच. हाल मुख्यतः नरांचे. मूत्रमार्ग शिश्नातल्या हाडाच्या खोबणीतून जातो, खडा तिथेच अडकतो. कुत्रा पुन्हा पुन्हा पाय उचलतो, थेंब पडत नाही.

1973 मध्ये एका अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञाने डाल्मेशियनचं निर्दोष जनुक असलेल्या पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी मेटिंग केलं, एकदाच. मग दर पिढीत कमी यूरिक अ‍ॅसिडचं पिल्लू निवडायचं आणि पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवायचं. पाचव्या पिढीत पॉइंटरचा अंश सरासरी 1/32 राहिला. 1981 मध्ये अशा दोन कुत्र्यांची अमेरिकेत डाल्मेशियन म्हणून नोंद झाली. जातीच्या क्लबमधून विरोध उठला आणि त्यांच्या पिल्लांची नोंदणी थांबली.

आक्षेप ‘शुद्धते’चा होता. वंशावळीत बाहेरचं नाव नको, एवढाच त्या शब्दाचा अर्थ धरला गेला; रक्तात काय वाहतंय याचा त्यात विचारच नव्हता. संकरातल्या कुत्र्यांचे ठिपके बारीक, तेही खुपलं. ठळक ठिपक्यांच्या हौसेपायीच सदोष जनुक जातभर पसरलं असावं, असा संशोधकांचा कयास आहे. मला तो पटतो.

दोष नेमका कोणत्या जनुकात आहे ते 2008 मध्ये सापडलं, डीएनए चाचणी हाती आली. 2010 मध्ये ब्रिटनने आणि 2011 मध्ये अमेरिकेने या वंशाला नोंदवहीत जागा दिली. मधली तीस वर्षं जन्मलेल्या पिल्लांना त्याचा काही उपयोग नव्हता.

भारतात 2017 च्या नियमांनी मेटिंगआधी पशुवैद्याचा दाखला आवश्यक केला. हे हवंच होतं. पण खड्याचं जनुक बाळगणारा कुत्रा तपासणीच्या दिवशी ठणठणीत असतो. आई-बापांपैकी एकाकडे निर्दोष जनुकाची एक प्रत असली, तरी सरासरी निम्मी पिल्लं या दोषातून सुटतात. ती प्रत आहे की नाही, हे लघवीच्या किंवा डीएनएच्या अहवालातूनच कळतं.