मिठी नदी

मुंबईच्या साष्टी भागातून वाहणारी, सुमारे १८ किमी. लांबीची नदी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांतले पाणी घेऊन ती आरे, मरोळ, साकीनाका, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल व धारावी या मार्गाने माहीमच्या खाडीला मिळते. दहिसर, पोईसर व ओशिवरा या नद्याही याच डोंगरांतून निघतात. बोलण्यात मिठीला सर्रास नाला म्हटले जाते. ते चूक आहे. तिला स्वतःचे खोरे, पूर आणि मुख आहे.

नावाचा उलगडा तीन प्रकारे करता येतो. ‘मिठी’ म्हणजे आलिंगन हा अर्थ मराठी कानाला लगेच सुचतो, पण तो लोकव्युत्पत्तीच्या पलीकडे जात नाही. खाडीलगतच्या मिठागरांवरून ‘मीठ’ या शब्दाकडेही बोट दाखवता येते. मात्र मराठीत खारट पाण्याला ‘खारे’ म्हणतात, ‘मिठे’ नव्हे. गुजराती-हिंदीतील ‘मीठी’, म्हणजे गोड्या पाण्याची, हा अर्थ अधिक पटतो. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून वरचा गोडा प्रवाह वेगळा ओळखण्याची गरज काठच्या माणसांना असणारच. ‘मीठ’ व ‘मीठा’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘मिष्ट’ (मृष्ट) याच मुळाकडे जातात, त्यामुळे हा वाद वाटतो तितका टोकाचा नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नोंदींत आजच्या विहार तलावाच्या खोऱ्यातील प्रवाहाला ‘गोपर’ म्हटले आहे. तेव्हा ‘मिठी’ हे नाव आरंभी खालच्या टप्प्यापुरतेच असावे.

‘विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून उगम पावणारी नदी’ ही रूढ व्याख्या जपून वापरावी लागते. ती धरण बांधल्यानंतरच्या नदीचे वर्णन करते. १८५४ च्या पाणीटंचाईनंतर अभियंते हेन्री कॉनिबेअर यांच्या आराखड्यानुसार गोपरच्या खोऱ्यात बांध घालण्यात आला आणि १८६० मध्ये विहारचे पाणी शहराला मिळू लागले. पुढे १८७९ मध्ये तुळशी व १८९०-९१ च्या सुमारास पवई तलाव झाला. तुळशीचे जादा पाणी विहारात येते. म्हणजे वरच्या खोऱ्यातला पाऊस आधी तलाव भरतो आणि ते भरून वाहू लागले, बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये, की मगच नदीला मिळतो. उन्हाळ्यात पात्रात राहते ते मुख्यतः सांडपाणी. एप्रिल-मेमध्ये कुर्ल्याच्या पुलावरून पाहिले तर काळे पाणी हलताना दिसत नाही; भरती लागली की फेस आणि प्लास्टिकच्या पिशव्या उलट्या दिशेने, डोंगराकडे सरकू लागतात.

नदीचे मुखही माणसानेच आवळले. शीव येथील बांधरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, तर माहीम-वांद्रे बांधरस्ता १८४५-४६ च्या सुमारास लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून झाला. १९७० च्या दशकानंतर वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाजणात भराव पडला आणि तिवरांची जागा गेली. विमानतळाजवळ नदी धावपट्टीखालून नेलेली असून तिला काटकोनी वळणे आहेत. तबेल्यांचे शेण, भंगार व राडारोडा यांचा गाळ याच वळणांवर साचतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी., तर कुलाब्यात जेमतेम ७४ मिमी. पाऊस नोंदला गेला. जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिमी. पावसासाठी, तीही ओहोटी गृहीत धरून आखलेली होती. एवढा पाऊस कोणत्याही नदीला जड गेला असता; पण पाणी इतके वर चढले व इतका वेळ तुंबले, त्याचे कारण पात्राच्या अरुंदीत शोधावे लागते. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ च्या अहवालात त्याचा तपशीलवार विचार केला. त्यानंतर पात्र रुंद व खोल करणे आणि काठाला संरक्षक भिंती बांधणे ही कामे झाली. भिंतीमुळे पात्राची हद्द ठरली, मात्र पुराला पसरायला जागा राहिली नाही. विहार भरून वाहू लागला की कुर्ल्याच्या क्रांतिनगरात आजही सामान माळ्यावर चढवतात.

मिठीच्या खोऱ्यातल्या पावसाने शहराची तहान आता भागत नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण साठवण सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर असून तीत विहार व तुळशीचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास, तर एकट्या भातसाचा निम्म्याजवळ आहे. म्हणून सांताक्रूझला कमरेएवढे पाणी साचले तरी बाकीच्या जलाशयांच्या भागात, शहापूर व इगतपुरीकडे, पाऊस ओढ देतो तेव्हा पाणीकपात येते. २००९ च्या जुलैमध्ये ती ३० टक्क्यांपर्यंत गेली होती, २०२४ च्या जूनमध्ये १० टक्के होती. शहापूर तालुक्यातील अनेक पाडे धरणांच्या शेजारी असून उन्हाळ्यात टँकरवर जगतात, हे या हिशेबात धरलेच पाहिजे. पवईचे पाणी पिण्यायोग्य राहिलेले नाही.

धारावी व माहीमचे कोळीवाडे पूर्वी खाडीतील मासेमारीवर अवलंबून होते. मुखाजवळच्या तिवरांचा काही भाग माहीम निसर्ग उद्यानालगत टिकून आहे.