पोटातल्या पाण्यात सुटलेल्या पेशी

सोलापूरच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईचे पोट फुगू लागले आणि दोन घासांतच भरल्यासारखे वाटू लागले, तर घरचे म्हणतात, ‘गॅस झाला असेल.’ बहुतेक वेळा ते खरेही असते; पण ही तक्रार आठवडेच्या आठवडे हटली नाही, तर अंडाशयाच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यावी लागते, कारण हा रोग पोटभर पसरेपर्यंत फारसा जाणवत नाही.

त्याची पसरण्याची तऱ्हाही वेगळी आहे. रक्तावाटे दूर जाण्यापेक्षा या पेशी बहुधा थेट उदरपोकळीत सुटतात, तिथे साचलेल्या पाण्यात तरंगतात आणि आतड्यांपुढे लोंबणाऱ्या चरबीच्या पडद्याला चिकटतात. तरंगायला कष्ट पडत नाहीत. चिकटल्यावर आत शिरायचे तर पेशीला स्वतः सरकावे लागते, आणि तो हुकूम बऱ्याचदा वृद्धिघटकांकडून येतो.

ही संदेश देणारी प्रथिने असतात. त्यांपैकी ईजीएफ हा घटक शोधणारे स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ मध्ये रीता लेव्ही-मोन्ताल्चिनी यांच्यासह नोबेल मिळाले. ईजीएफ पेशीवरील ग्राहकाला (निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटला की दोन ग्राहक जोडीने येऊन एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि निरोप आत जातो. मग पेशीच्या पुढच्या कडेला ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू वाढून पापुद्र्यासारखा पाय निघतो, शेजारच्या पेशीला धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन कमी होते आणि वाटेतले प्रथिनांचे जाळे कापणारी विकरे बाहेर पडतात.

प्रयोगशाळेत हे पाहण्याची रीत अगदी साधी आहे. बशीत पेशींचा सलग थर वाढवायचा, पिपेटच्या टोकाने त्यावर सरळ ओरखडा काढायचा आणि साधारण २४ तासांनी पुन्हा फोटो घ्यायचा. ईजीएफ घातलेल्या बशीत ती मोकळी पट्टी बहुधा लवकर बुजते. यात अघटित काहीच नाही. दर महिन्याला बीज बाहेर पडताना अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो, तेव्हा निरोगी पेशीही अशाच सरकून ती जखम बुजवतात आणि थांबतात. कर्कपेशी थांबत नाहीत.

मग ईजीएफचा ग्राहकच का बंद करू नये? तसे करून पाहिले गेले, पण अशा औषधांना एकेकटे या रोगात फारसे यश आले नाही. पोटातल्या पाण्यात एलपीए नावाचा स्निग्ध रेणूही भरपूर असतो, आणि तो स्वतःच्या वेगळ्या ग्राहकांमार्फत पेशींना चालवतो. व्हीईजीएफ या घटकाने तर रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि ते पाणीच वाढते. त्याला अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध मात्र आज काही रुग्णांना केमोथेरपीबरोबर दिले जाते.